आप्पांचं बोट आणि माझा कर्सर

परवा दुपारची गोष्ट. मे महिना, अमळनेरात या दिवसांत दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, मी कूलरला पाठ लावून क्लायंटच्या सर्व्हरवर विम नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये एक कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल एडिट करत बसलेलो. ३१२ नंबरच्या ओळीवर होतो, ती उडवायची होती. त्याआधी वर पोर्ट नंबर काय दिलाय ते बघावं म्हणून माऊसचं चाक फिरवत पार वर गेलो, बघितलं, परत फिरवत खाली आलो, तोच भाग समोर दिसला, म्हणून न बघता दोनदा डी दाबलं. सेव्ह, रीस्टार्ट. सर्व्हिस उठेचना.

उडाली होती २९५ वी ओळ. आता ती का उडाली ते ऐका, कारण मला हे नीट कळायला इतकी वर्षं गेली. विममध्ये कर्सर खिडकीच्या, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाच्या, बाहेर राहूच शकत नाही. तुम्ही वर स्क्रोल करत गेलात की तो खालच्या काठाला अडकतो आणि तुमच्यासोबत वर वर ओढला जातो, मग खाली आलात की वरच्या काठाला अडकून खाली घसरत येतो. म्हणजे फाइलचा तोच भाग समोर परत आला तरी कर्सर मात्र स्क्रीनच्या सगळ्यात वरच्या ओळीवर, आणि मी आपला मधल्या ओळीकडे बघतोय.

यू दाबून ओळ परत आणली, पण तोपर्यंत माझ्या तोंडून जे काय निघायचं ते निघालं होतं, आतून आप्पांचा आवाज, "काय व्हयनं रे?" थोडक्यात सांगितलं. तर म्हणे, "मग तठे बोट ठेवानं ना!"

आप्पांनी मार्केट यार्डात एका अडत दुकानावर हिशेब लिहिण्यात उभी हयात घालवली. रोजमेळ (रोजच्या व्यवहारांची वही) एकीकडे, खतावणी (ज्याच्या त्याच्या खात्यांची वही) दुसरीकडे. रोजमेळातल्या एका नोंदीवर डाव्या हाताचं बोट दाबून धरलेलं आणि उजव्या हाताने खतावणीची पानं उलटायची, शेतकऱ्याचं खातं शोधायचं, आकडा बघायचा, नजर परत बोटाकडे. लहानपणी मी शेजारी बसून बघायचो, मध्येच कोणी चहा आणला तरी डावा हात हलायचा नाही. उठावंच लागलं तर बोटाच्या जागी पेन आडवा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कर्सर म्हणजे ते बोट. स्क्रोल म्हणजे नजर. नजर फिरली म्हणून बोट कशाला हलवता?

विमचा दोष म्हणावा तर तसाही नाही. विम ज्याच्यावरून आला तो मूळ व्हीआय बिल जॉयने १९७६ मध्ये बर्कलीला लिहिला, एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, २४ ओळींचा स्क्रीन, माऊस नाही, बाणांची वेगळी बटणंसुद्धा नाहीत, ते बाण एच जे के एल वरच छापलेले (म्हणून त्या अक्षरांनी कर्सर हलवायची सवय आजपर्यंत चाललीय). तिथे नजर वेगळी आणि बोट वेगळं ही भानगडच नव्हती. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरचंही तेच, तिथे पॉइंट (म्हणजे कर्सरची जागा) खिडकीतच पाहिजे. पण माऊसला चाक येऊन जमाना झाला की राव.

नोटपॅड, वर्ड, व्हीएस कोड यांचं बरंय, चाकाने कुठेही फिरा, कर्सर जागेवर. टाइप केलं की स्क्रीन उडी मारून तिथे परत. मला हेच पटतं. पण इथेही पाय घसरतोच.

आमचा दादा, मोठ्या काकांचा मुलगा, स्टेशन रोडला लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो. त्याची नजर स्क्रीनवर नसतेच, हाताने लिहून आणलेल्या कागदावर असते. मागच्या सीझनला पत्रिकेच्या शेवटी ते "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असतं ना, तिथे चाक फिरवत गेला, क्लिक करायचं राहिलं, आणि कागदात बघून तिन्ही पोरांची नावं टाइप करून टाकली. स्क्रीन पहिल्याच अक्षराला वर पळालेली, दादाला पत्ता नाही. प्रिंट निघाली तर निमंत्रकांत पणजोबांच्या खाली लगेच चि. पिंटू. प्रूफ बघायला आलेल्या मामांनी पकडलं म्हणून अब्रू वाचली.

यावर मी एकदा डोकं लावलं होतं की कर्सर नजरेआड असेल तर पहिल्या बटणाने फक्त स्क्रीन परत आणावी, अक्षर उमटवूच नये. मग लक्षात आलं, दादाचं काय झालं असतं, पहिलं अक्षर गळालं असतं आणि 'चि. पिंटू'तल्या 'चि'चा 'च' जाऊन नुसती वेलांटी राहिली असती. ते जाऊ द्या.

खरं पाहिजे ते हे, की बोट कुठे आहे ते दिसलं पाहिजे आणि तिथे परत जायला एक सोपं बटण पाहिजे. व्हीएस कोड उजवीकडच्या पट्टीत बारीक रेघ दाखवतो, खाली ओळीचा नंबर पण कर्सरचाच राहतो, भले तुम्ही कुठे का फिरत असाल. एक्सेलमध्ये कंट्रोल बॅकस्पेस दाबलं की चालू सेल समोर येतो. वर्डमध्ये शिफ्ट एफ ५, शेवटच्या एडिटच्या जागी. आणि हे कोणालाच माहीत नसतं, सगळे डावा बाण उजवा बाण करून परत येतात, मीही.

पेज डाऊनचं तर अजून वेगळंच, विंडोजवर कर्सर पण सोबत जातो, मॅकवर नुसतं पान सरकतं. आणि स्क्रोल लॉक! १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डपासून ते बटण आहे, एक्सेलमध्ये चुकून दाबलं गेलं की बाणांनी सेल हलायच्या ऐवजी अख्खी शीट हलते. "एक्सेल बिघडलं" म्हणून मला जेवढे फोन आलेत त्यातले निम्मे या एका बटणाचे.

विम काही मी सोडणार नाही, हाताला बसलंय. कंट्रोल ओ ने (ते मागच्या उडीच्या जागी नेतं) परत येता येईल असं वाटायचं, पण स्क्रोलला तो उडी मानतच नाही. आता चाकाला हात लावायच्या आधी एम ए दाबतो, त्याने त्या जागेवर खूण राहते, म्हणजे आप्पांचा आडवा पेन, आणि परत यायला बॅकटिक ए.

दादाला शिफ्ट एफ ५ सांगितलं. त्याने मॉनिटरच्या कडेला स्केचपेनने लिहून ठेवलंय, त्याच्या वर आधीच लिहिलेलं होतं, "आधी क्लिक कर".