सोडलेलं पांढरं

रविवार, रात्री साडेअकरा

बबडीला बगळा आवडला. ‘कसला भारी दिसतोय गं मावशी!’ म्हणाली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

कारण तिने पाहिलेला बगळा मरून होता. दोन्ही अर्थांनी.

बारशाच्या पिशव्या मरून रंगाच्या, त्यावर मी शाईने काढलेला बगळा, असं ठरलेलं. सकाळी ट्यूबलाइट बंद करून कागद खिडकीशी ठेवला. फोनची सावली पडू नये म्हणून मागे सरकून दुप्पट झूम केलं. पांढराशुभ्र कागद फोटोत निळसर राखाडी येतो, तसा तो आलाच. मग लेव्हल्स उजळ केल्या आणि पांढरं पारदर्शक करायची पट्टी मागेपुढे करत बसले. जरा जास्त सरकवली की पायाची बारीक रेघ मधेच तुटते. कमी ठेवली की कागदाचे कण धुळीसारखे मागे राहतात. शेवटी चित्रामागे पारदर्शकपणा दाखवणारा तो करड्या-पांढऱ्या चौकटींचा पट दिसला, तेव्हा हुश्श झालं. पारदर्शकपणा जपणारी पीएनजी फाइल केली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर तिची जेपीईजी झाली आणि पारदर्शकपणा गायब. मग डॉक्युमेंट म्हणून पाठवली.

पण बगळ्यात मी काही भरलेलंच नाही ना. शाई आहे ती चोचीला, डोळ्याला, पायांना, पाठीच्या एका रेघेला आणि पंखाखालच्या चार फटकाऱ्यांना. बाकी कागद म्हणजेच बगळा. ॲपला पांढरं काढ म्हटलं, त्याने काढलं. पाण्याजवळचं पांढरं नुसतं राहिलेलं आणि मानेतलं पांढरं मी सोडलेलं, हे त्याला कुठून कळणार? पण बबडीला? आमच्याच गच्चीत नखं वर करून बगळ्यांकडे कवड्या मागायची ही पोरगी. जाऊ दे.

राहिलेलं आणि सोडलेलं. दुपारभर हेच. रेघ काय, मारून मोकळं होता येतं. ती मान सोडताना मी श्वाससुद्धा घेत नाही. आणि ते गेलेलं कुणाला कळतही नसेल, तर एवढी वर्षं मी केलं काय? दुकानातून कागद आणला, एवढंच? वरणभात तसाच निवला. ह्यांना सांगितलं, डोकं दुखतंय.

संध्याकाळी रेघेखाली नवा लेयर घेतला आणि बोटाने बगळ्यात पांढरा भरला. मानेच्या वळणावर दोनदा रंग बाहेर गेला. पांढरा रंग बाहेर जातो, हेही ह्या वयात कळायचं होतं.

छपाईवाल्याचा लगेच फोन. ‘ताई, गडद कापडावर पांढरा म्हणजे वेगळा स्क्रीन लागेल. त्याचे जादा पैसे पडतील.’

मला जे हसू फुटलं! जन्मभर फुकट वापरलेल्या पांढऱ्याचं बिल आलं एकदाचं. ‘लावा,’ म्हटलं.

बबडीला नवीन फाइल पाठवली. आत्ता तिचं उत्तर आलंय: ‘अगं, पांढरा होता होय तो? मला वाटलं अंधार पडल्यावरचा बगळा आहे. मुद्दाम केलायस.’

अंधार पडल्यावरचा.

पहिली फाइल पुसणार होते. राहू दे.