बीटी मारली तरी मरंनात

झूलॉजी शिकवतो म्हणल्यावर मोबाईलमध्ये घरच्यांपेक्षा अळ्यांचेच फोटो जास्त येतात. बरेचसे हललेले, नाहीतर तळहातावर ठेवलेली अर्धमेली अळी आणि खाली एकच ओळ, सर हिला काय मारू. त्यामुळं हिवाळ्याच्या तोंडाला अंबाजोगाईकडच्या एका मामांचा मेसेज आला तेव्हा आधी मी नुसता बघून सोडला, पण त्यांचा व्हॉइस मेसेज ऐकला आणि उठलोच. "सर, बीटी मारली, परत मारली, मरंनात. उलट जाड व्हायल्यात."

बीटी म्हणजे कापसाचं बियाणं नव्हे, फवारायची बीटी पावडर, त्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू असतो. मामांनी मुळ्यावर आणि शेजारच्या मोहरीवर मारली होती. दुकानदारानं "अळी आहे ना, मग हेच" म्हणून पुडा हातात दिला होता. आता अळी म्हणली की सगळ्यांच्या डोक्यात पतंगाचीच अळी येते, त्यात दुकानदाराला तरी काय बोलायचं.

सोबत एमएस्सीचा एक पोरगा घेतला, हुशार आहे पण हातात मोबाईल आधी आणि भिंग नंतर. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं नुकती तापायला लागली होती, मामा म्हणले लवकर चला, ऊन वाढलं की ह्या दिसत नाहीत, सकाळ-संध्याकाळच खातेत. हे त्यांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर. मुळ्याच्या पानांना भोकंच भोकं, काही ठिकाणी नुसत्या शिरा राहिलेल्या. अळी काळपट हिरवी, पाठीवर गडद पट्टे, कातडी सुरकुतलेली, डोकं काळं चकचकीत. मी पानाला बोट लावलं तशी ती गोल वळली आणि टपकन खाली पडली, मेल्याचं सोंग घेऊन मातीत पडून राहिली. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी असं करत नाही, ती वळवळते आणि धाग्यावर लोंबकळते.

भिंग काढून पोराला म्हणलं, पाय मोज. पुढचे तीन जोड्या खरे पाय सोड, मागचे पोटाचे मांसल पाय मोज. पतंगा-फुलपाखराच्या अळीला हे सहसा जास्तीत जास्त ५ जोड्या असतात. त्यानं मोजलं, परत मोजलं, मग वर बघितलं. "सर, ८ जोड्या आहेत." मग डोळा बघायला लावला. पतंगाच्या अळीच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला बहुतेक वेळा सहा बारके ठिपक्यासारखे डोळे असतात, हिला एका बाजूला एकच. पोटाच्या पायांना पतंगाच्या अळीसारखे बारीक आकडेही नाहीत. म्हणजे ही पतंगाची पोरगी नाहीच, ही सॉफ्लायची, म्हणजे करवतमाशीची, मधमाशी-गांधीलमाशीच्या खानदानातली. फक्त गांधीलमाशीची ती बारीक कंबर ह्या माशीला नसते आणि ती डंखही मारत नाही.

बीटी का चालली नाही ते इथंच उलगडलं. दुकानात मिळणाऱ्या त्या पावडरीतलं विष पतंगवर्गाच्या अळीच्या आतड्यात जाऊन काम करतं, सॉफ्लायच्या अळीवर त्याचा उपयोग नाही. मामांना सांगितलं तर म्हणले, "म्हणजे ह्या आमची पावडर चाटून मजा करायल्यात."

तेवढ्यात पोराला मोहरीच्या फुलावर मोठी माशी दिसली. नारिंगी अंग, काळं डोकं, धुरकट पंख, उडायला सुस्त. बरणीत सहज आली. आणि साहेबांनी लगेच फोटो काढून मोबाईलला विचारलं. मोबाईल म्हणला, टर्निप सॉफ्लाय, अथेलिया रोजी. पोरगा उभ्या उभ्या उडाला. आपल्याकडच्या शेतीच्या पुस्तकात हे नाव नाही, म्हणजे ही देशातली नवी नोंद, सर पेपर करू! मी बरणीचं झाकण लावेपर्यंत ह्यानं स्टेटस टाकलं सुद्धा, "भारतात पहिल्यांदा!" आणि खाली तिरंगा. गाडी गावाबाहेर पडायच्या आत कुठल्या तरी पोर्टलवाल्याचा फोन आला, बाईट पाहिजे म्हणून.

पोराचा उत्साह मला आवडतो, पण ह्या "पहिल्यांदा"ची मला ॲलर्जी आहे. येताना गाडीत आमचं चांगलंच जुंपलं. तो म्हणला, सर, कॅनडात तर फोटोवरनंच नोंद झाली होती. खरंय. एल्म झाडाच्या पानावर नागमोडी खाणारी एक सॉफ्लाय आहे, अप्रोसेरॉस ल्युकोपोडा, मूळची पूर्व आशियातली, जपानमधून १९३९ साली वर्णन झालेली. २००३ साली ती युरोपात पोलंड आणि हंगेरीत सापडली, २०१७ ला ब्रिटनमध्ये, आणि २०२० ला क्यूबेकमध्ये कुणीतरी त्या नागमोडी खाल्लेल्या पानाचा फोटो ऑनलाइन टाकला त्यावरनं पत्ता लागला. तिच्यात नर माहीतच नाहीत, एकटी मादी पोचली तरी वंश सुरू. पण ते खाणंच असं वेगळं की पान बघून संशय घ्यायला जागा होती, आणि नंतर माणसं तिथं गेली, किडे गोळा केले. फोटो ही तक्रार असते, पंचनामा नाही.

आणि दुसरं, मोबाईलला युरोपातले फोटो जास्त खाऊ घातलेत, तो युरोपातलंच नाव सांगणार. आपल्याकडं मोहरी, मुळा, कोबीवर येते ती अथेलिया लुगेन्स प्रॉक्झिमा, क्लुग नावाच्या जर्मन माणसानं १८१५ मध्येच प्रॉक्झिमा नाव देऊन ठेवलंय. कृषीच्या पुस्तकात ती मस्टर्ड सॉफ्लाय म्हणून आहे, दोघी अशा सारख्या दिसतात की रंगावर जाऊ नये.

लॅबमध्ये दुपार गेली. मादी अल्कोहोलमधून काढून मायक्रोस्कोपखाली घेतली, पोटाच्या टोकाचं अंडी घालायचं अवजार सुईनं हळू बाहेर काढलं. ह्याच करवतीनं ती पानाच्या कडेला चीर पाडते आणि आत एकेक अंडं घालते. ग्लिसरीनच्या थेंबात ठेवल्यावर दात एका ओळीत स्पष्ट दिसायला लागले, आणि सॉफ्लायची जात ठरवताना तज्ज्ञ बघतात ते हेच दात. पोरगा बराच वेळ डोळा लावून बसला होता, चहा गार झाला. मग चित्रांशी ताडून पाहिलं, आणि टेगर, ब्लांक आणि लिस्टन ह्यांच्या २०१० च्या जागतिक यादीत बघितलं, ८ हजारांहून जास्त सॉफ्लाय आहेत त्यात. आपली माशी जुनीच, प्रॉक्झिमाच. पोरानं गुपचूप स्टेटस डिलीट केलं. पोर्टलवाल्याला मी सांगितलं की बातमी एवढीच, मुळ्यावर सॉफ्लाय आलीय, बीटी मारू नका. त्याला ती बातमी वाटली नाही.

नमुना मात्र फेकला नाही. गाव, तारीख, कुठल्या पिकावर, कुणी धरली, सगळं लेबल पोराकडून हातानं लिहून घेतलं. मराठवाड्यातल्या किड्यांचे असे लेबलवाले नमुने किती कॉलेजांत असतील, ह्यावर मी इथं बोलत नाही, बीपी वाढतो.

संध्याकाळी मामांना फोन केला. मुळ्याला भरपूर पाणी द्या, पानं झटकून अळ्या पाण्यात पाडा, बऱ्याच बुडून मरतात, उरलेल्या सकाळी वेचा आणि निंबोळी अर्क ५ टक्के मारा. अळी कोष करायला मातीतच जाते, म्हणून पीक निघालं की रान चांगलं नांगरा. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मुद्द्यावर आले, "ते समदं करतो सर, पण राहिलेल्या अर्ध्या पुड्याचं काय करू? पैशे दिल्यात."

पलीकडच्या पत्ताकोबीवर चौकोनी ठिपक्याचा पतंग आहे का बघा, म्हणलं, त्याच्या अळीला हीच पावडर लागू पडते. तिथं मारा, संध्याकाळच्या वेळी, पानाच्या खालून. आणि पुढच्या वेळी पुडा घ्यायच्या आधी पाय मोजा.

"मोजतो की," म्हणले, "पण चष्मा लागंल."