वर्षभराचं सुगंधी तेल जमवताना

दिवाळीचे साबण मी ऑगस्ट संपायच्या आत ओतते. थंड पद्धतीनं, म्हणजे न शिजवता केलेल्या साबणाला मुरायला चार ते सहा आठवडे द्यावेच लागतात. त्यात लागणारं रोशा नावाचं सुगंधी गवत मात्र पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास कापलं जातं. त्यामुळे यंदाच्या दिवाळीच्या साबणाला जो वास आहे तो गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातून आलेला आहे. नागपुरात घरगुती पातळीवर हा उद्योग करताना माझा सगळ्यात जास्त वेळ साबण करण्यात जात नाही, तेल जमवण्यात जातो. गेल्या मे महिन्यापासून यंदाच्या ऑगस्टपर्यंत ते कसं जमवलं, ते लिहितेय. या कामात नव्यानं उतरणाऱ्या बऱ्याच जणी मला फक्त भाव विचारतात, म्हणून मुद्दाम.

माझ्या साबणात तीन तेलं असतात: संत्र्याच्या सालीचं, रोशाचं आणि थोडं वाळ्याचं. संत्र्याचा वास आधी येतो आणि आधी उडतो, रोशा टिकतो, वाळा दोघांना धरून ठेवतो.

संत्र्याच्या साली काटोलकडच्या एका बागायतदार काकांच्या फळाच्या. बाजारात भाव न मिळणारी बारकी फळं मी घेते, रस ओळखीच्या सरबतवाल्याकडे जातो आणि साली माझ्या तेल काढायच्या छोट्या स्टीलच्या भट्टीत. शंभर किलो ओल्या सालीतून किलोभर तेल निघेलच असं नाही, त्यामुळे फळ कमी आलं की माझं गणित लगेच कोलमडतं. मी मृग बहाराचं फळ धरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उतरतं, आणि साल वाळवायला हवाही तेव्हा कोरडी असते.

मृग बहार यायला झाडाला उन्हाळ्यात ताण द्यावा लागतो. मे महिन्यात पाणी तोडायचं, झाड सुकू द्यायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि मृगाचा पाऊस पडला की त्या ताणातून एकदम फुटवा येतो, त्याबरोबर फूल. सगळी मदार मे कोरडा जाण्यावर. गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात वादळी पाऊस झाला. जूनमध्ये काकांना फोन केला तर म्हणाले, "पोरी, झाडाले ताणच नाही बसला. मे मंदी पाणी पडलं, मंग फूल कुठून येईन? नुसता पालाच फुटला." बाग हिरवीगार दिसत होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, यंदा झकास पीक आहे.

फेब्रुवारीत फळ आलं ते नेहमीपेक्षा बरंच कमी, आणि जे आलं त्याची साल हिरवट. संत्र्याचा रंग चढायला रात्री गार पडाव्या लागतात, तोवर सालीतला हिरवेपणा जात नाही. आत गर गोड होता, पण साल मागे राहिलेली. अशा सालीचं तेल जास्त तिखट, उग्र निघतं. साल नखानं दाबून वाकवली की तेलाचे बारीक तुषार उडतात. पिकल्या सालीच्या तुषारांना मध लावल्यासारखा गोडवा असतो, तो यंदा नव्हता. गिऱ्हाइकाला हा फरक शब्दांत सांगता येणार नाही, पण "मागच्या वेळेसारखा नाही वाटत जी," असं ती म्हणणार, आणि ते बरोबरच असणार.

आता रोशा. याला आपल्याकडे तिखाडी म्हणूनही ओळखतात. पामारोसा नावानं जे तेल जगभर विकलं जातं ते हेच. एके काळी हे मुंबईहून जहाजानं तांबड्या समुद्राच्या बंदरांवर आणि तिथून पुढे कॉन्स्टँटिनोपलला जायचं, आणि बल्गेरियाच्या गुलाबाच्या तेलात भेसळीला वापरलं जायचं. गुलाबात आणि रोशात जिरॅनिऑल हा वासाचा घटक सारखाच, म्हणून ते खपून जायचं. आपल्या माळरानावरच्या गवताची केवढी ही पोच! मला याचा मनापासून अभिमान आहे, आणि म्हणूनच हे तेल चांगलंच मिळावं असा माझा हट्ट असतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक दादा रोशा लावतात आणि स्वतःच्या भट्टीवर काढतात. तेल मुख्यतः फुलोऱ्यात आणि पानात असतं, काडीत फारसं नाही. म्हणून फुलोरा उमलून जरा पक्व झाला की कापायचं, दिवसभर सावलीत सुकवायचं आणि भट्टीत भरायचं. मध्ये पाऊस आला तर ओलं गवत ढिगात तापतं, कुजकट वास धरतं, भट्टीला लाकूड जास्त लागतं आणि तेल कमी उतरतं. पाऊस उशिरा परततोय हे आता सरकारी तारखांतही दिसतं. मान्सून राजस्थानातून परतायला लागण्याची सरासरी तारीख हवामान खात्यानं २०२० मध्ये १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. आपल्याकडे तो त्याही नंतर हलतो. म्हणजे गवत कापणीला येतं तेव्हा आभाळ अजून भरलेलंच असतं.

गेल्या ऑक्टोबरात हेच झालं. पावसाचा अंदाज आला तेव्हा फुलोरा अजून कोवळा होता. दादांनी अर्धं रान आधीच कापलं आणि अर्धं ठेवलं. पावसानं ते उरलेलं आडवं केलं, उघडीप मिळाल्यावर त्यांनी तेही कापलं. त्यांचं मोठेपण असं की त्यांनी दोन्ही तेलं वेगळ्या कॅनमध्ये ठेवली आणि मला दोन्ही हुंगायला दिली. एकत्र ओतली असती तर मला काही कळलं नसतं, त्यांचा त्रासही वाचला असता.

कागदाच्या दोन पट्ट्या बुडवून मी त्या रात्रभर टेबलावर ठेवल्या. कोवळ्या फुलोऱ्याचं तेल सुरुवातीला फळासारखं गोडसर, कारण तेव्हा त्यात जिरेनिल ॲसिटेट जास्त असतं. फुलोरा पक्व होत जातो तसं ते कमी होऊन जिरॅनिऑल वाढतं आणि गुलाबाचा वास पुढे येतो. पावसानंतरच्या तेलात गुलाब होता, पण खाली एक ओलसर, शिळवट पदर. सकाळी पट्टी पुन्हा हुंगली तेव्हा तो पदर बराचसा गेलेला होता आणि गुलाब राहिलेला होता. म्हणून मी दोन्ही घेतली.

तरीही माल कमीच पडत होता, म्हणून एका व्यापाऱ्याकडून नमुना मागवला. टंचाईच्या वर्षात त्याचा भाव दादांपेक्षा कमी होता, तिथेच मनात शंका आली. अस्सल रोशाच्या तेलात ७० टक्के अल्कोहोल दोन-तीन पट घातलं की ते स्वच्छ विरघळतं. बारीक परीक्षानळीत थेंब थेंब अल्कोहोल सोडत गेले, नळी दुधाळ झाली ती झालीच. हलवलं, थांबले, आणखी घातलं, पण खाली तेलाचे गोळे तसेच. तो नमुना परत केला. दादांची दोन्ही तेलं मात्र कन्नौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रात तपासायला पाठवली. अहवाल माझ्या नाकाशी जुळला. दरवर्षी ही तपासणी परवडत नाही असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की ज्या वर्षी हवामान बिघडतं त्या वर्षी भेसळ वाढते, निदान त्या वर्षी तरी तपासा.

वाळ्याचं तसं बरं आहे. त्याची मुळं खोल जातात, दुष्काळ आणि पूर दोन्ही तो सोसतो. पण भाव आपल्या हातात नाही, कारण हैतीसारख्या देशातून जगाला वाळ्याचं तेल जातं. २०१६ च्या ऑक्टोबरात मॅथ्यू चक्रीवादळ हैतीच्या ज्या नैर्ऋत्य भागावर आदळलं, वाळ्याची शेती तिथेच आहे. आणि आपल्या नागपुरात उन्हाळा चढला की इतवारीत वाळ्याला कूलरच्या ताट्यांसाठीच मागणी. मी वाळ्याचं तेल थंडीतच घेऊन टाकते.

मग उरतो मे महिना, आणि तेल साठवणं. या शहराचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. उष्णता आणि हवा लागली की ते खराब होतं, वास टर्पेंटाइनकडे झुकतो आणि कातडीला खाज येऊ शकते. अंगाला लावायच्या वस्तूत हे चालणारच नाही. म्हणून संत्र्याचं तेल गडद बाटल्यांत, गळ्यापर्यंत भरून, जुन्या फ्रीजमध्ये. बाटली अर्धी झाली की लहान बाटलीत काढायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. वीज गेली की माझा जीव त्या फ्रीजमध्ये अडकलेला असतो. रोशा त्या मानानं दणकट, तळघरातल्या ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये नीट राहिला.

ऑगस्टमध्ये साबण ओतताना संत्र्याचं प्रमाण उतरवलं, रोशाचं चढवलं. कोवळ्या फुलोऱ्याच्या तेलातला फळासारखा गोडवा संत्र्याची उणीव थोडी भरून काढतो, हे पट्ट्यांवर करून पाहिलं होतं, तेच साबणात उतरवलं. वेष्टनावर तसं छापलंही आहे: संत्रा कमी, रोशा जास्त, आणि का.

दादांशी आता नवा व्यवहार ठरलाय. पैशांच्या गरजेपोटी त्यांना गवत कोवळं कापावं लागू नये म्हणून अर्धी रक्कम मी पावसाळ्यातच देते. बदल्यात प्रत्येक कॅनवर ते कापणीची तारीख, शेवटचा पाऊस कधी पडला आणि गवत सावलीत किती वेळ सुकलं, एवढं लिहितात. पाऊस पडून तेल कमी उतरलं तर किलोमागे भाव वाढवून द्यायचा, हेही ठरलंय. तोटा एकट्या शेतकऱ्यानं सोसावा आणि सुगंध आम्ही विकावा, हे मला पटत नाही.

काकांच्या बागेत मृग फसल्यामुळे झाडं मोकळी होती, म्हणून त्यांनी हिवाळ्यात ताण देऊन आंबिया, म्हणजे संत्र्याचा दुसरा बहार, धरला. एप्रिल-मेच्या उन्हात थोडी गळ झाली, पावसाळ्यात बागेत पाणी साचू नये म्हणून त्यांनी चर खणलेत. फळ अजून झाडावर आहे. नोव्हेंबरात उतरायला लागलं की साली यायला सुरुवात होईल, त्याआधी भट्टीचा गळका पाइप बदलून घ्यायचाय.