तुम्ही विचारलंत म्हणून: वाईट बातमी आणि वरणफळं

घरी येणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी हे विचारलं आहे: "काही वाईट बातमी आली की तुमच्याकडे वरणफळंच कशी असतात?" आजवर मी "पटकन होतात" असं सांगत आले. ते खरं नाही. कणीक भिजवायची, लाटायची, कापायची, वरण वेगळं उकळायचं, यात पटकन काय होणार? खरं उत्तर डिसेंबर 1984 पासून सुरू होतं, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात.

2 डिसेंबरच्या रात्री भोपाळला कारखान्यातून विषारी वायू सुटला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बडोदेकरांना ती बातमी परगावची वाटलीच नाही. कोयलीला रिफायनरी, बाजव्याकडे खताचा कारखाना, नंदेसरीला रसायनांचे कारखाने, असं सगळं आपल्याच उशाशी. त्या आठवड्यात बाबा रात्री ओटल्यावर उभे राहून वारा कुठून येतोय ते बघायचे. आई झोपताना उशाला तांब्याभर पाणी आणि एक पंचा ठेवायची. वायू आला तर ओला करून नाकाला लावायला. आम्हा मुलांना कोणी काही सांगत नव्हतं, पण पंचा दिसत होता.

खताच्या कारखान्याला लागूनच अणुऊर्जा खात्याचा जड पाण्याचा प्लँट होता, 1977 सालापासूनचा. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तिथे शिफ्टला जायचे. "जड पाणी" हा शब्द रोज कानावर पडायचा, त्याची भीती कधी वाटली नव्हती. मग शाळेत एका मुलीनं सांगितलं की जड पाण्यातून अणुबाँब करतात, आणि भोपाळसारखं इथे काही फुटलं तर तो बाँबच असेल. त्याच सुमारास एका मासिकात मी हिरोशिमाचा फोटो पाहिला होता. बँकेच्या दगडी पायरीवर उमटलेली माणसाची सावली. माणूस नाही, फक्त सावली. खाली लिहिलं होतं, 6 ऑगस्ट 1945, सकाळी सव्वाआठ. आमची शाळाही त्याच सुमाराला भरायची.

मी पिंपातलं पाणी प्यायचं बंद केलं. आपल्या नळाला येतं त्यात ते जड पाणी मिसळलेलं असणार, अशी माझी पक्की समजूत झाली होती. दोन दिवस फक्त ताक आणि चहा. आईच्या लक्षात आलं नाही, आजीच्या आलं.

आजीनं मला "घाबरू नकोस" म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरातलं प्रत्येक मोठं माणूस तेच म्हणत होतं आणि त्यानं भीती वाढतच होती. ती म्हणाली, "चल ग, फळं सोडायला माणूस हवंय मला." तुरीचं वरण तिनं सढळ पाणी घालून पातळ केलं. हिंग, मोहरी, मेथीदाण्याची फोडणी, कढीलिंब, मूठभर शेंगदाणे, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, आणि गूळ जरा जास्तच. गूळ आणि शेंगदाणे हे बडोद्याचे. शेजारच्या गुजराती घरी याच पदार्थाला दाळढोकळी म्हणतात आणि दोन्ही घरांतल्या बायका एकमेकींच्या पातेल्यात डोकावून शिकलेल्या. पुण्याच्या मावशीला आमची वरणफळं गोड लागतात. लागोत.

पोळी जाडसर लाटून, कातणानं शंकरपाळ्यासारखी कापून ताटात पसरली होती. माझं काम एकच: वरण रटरटायला लागलं की एकेक फळ सोडायचं. दोन एकदम पडली की चिकटतात, आणि चिकटलेलं आतून कच्चं राहतं. उकळी बसली तर थांबायचं, परत आली की पुढचं. पन्नास-साठ फळं असतील. तेवढा वेळ मला दुसरं काही सुचायला जागाच नव्हती. आणि मग लक्षात आलं की ज्या पाण्याला मी घाबरत होते तेच पातेल्यात आहे, आणि मी त्याच्यावर वाकून उभी आहे. तोंडावर वाफ येत होती. मी बाजूला झाले नाही.

काका शिफ्ट संपवून आले तेव्हा आजीनं त्यांना जिन्यातच थांबवून ताटावर बसवलं. म्हणाली, "हिला तुमच्या त्या पाण्याचं सांगा हो." काकांनी एक घास खाल्ला आणि अगदी मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. जड पाणी विषारी वायू नाही. ते किरणं सोडत नाही. दिसायला आपल्या पाण्यासारखंच, फक्त लिटरभर घेतलं तर हजार ग्रॅमऐवजी साधारण अकराशे भरतं. त्याचा बर्फ साध्या पाण्यात तरंगत नाही, बुडतो. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते लागतं. आणि ते ज्याच्यापासून बनतं तो जड हायड्रोजन निसर्गातच असतो, हायड्रोजनच्या सहा-सात हजार अणूंत एखादा.

"म्हणजे आमच्या पिंपातही?"

"तुमच्या पिंपात, ह्या वरणात, तुझ्या अंगातही. पहिल्यापासून."

त्या रात्री मी दोन भांडी पाणी प्यायले.

एक गोष्ट मात्र काकांनी तेव्हा सांगितली नव्हती. कॉलेजात रसायनशास्त्र घेतल्यावर मला कळलं की 1974 च्या पोखरणच्या अणुचाचणीतलं प्लुटोनियम मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतलं होतं, आणि ती भट्टी जड पाण्यावर चालायची. म्हणजे शाळेतली ती मुलगी अगदीच चुकीची नव्हती. मी काकांना जाऊन विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि पाणी पीत नव्हतीस." मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, फक्त पूर्ण नव्हतं, आणि मला त्या वेळी तेवढंच पेलणार होतं.

1986 मध्ये सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा मी दूध सोडलं. कोणीतरी म्हणालं होतं की किरणं दुधातून येतात. घरचे वैतागले. आज वाटतं, ती भीती वेडगळ नव्हती. तिथं झालं ते असंच: किरणोत्सारी आयोडीन-131 गवतावर बसलं, गवत गाईनं खाल्लं, दूध मुलांनी प्यायलं आणि ते त्यांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठलं. पुढं युक्रेन आणि बेलारूसमध्ये कितीतरी मुलांना त्या ग्रंथीचा कर्करोग झाला. आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, तेव्हा काही आठवडे दूध थांबवलं असतं तरी पुष्कळ मुलं वाचली असती. माझी चूक अंतराची होती, कारणाची नाही. आपल्याकडेही, त्यात चेर्नोबिलची किरणं असतील म्हणून, आयर्लंडहून आलेल्या लोण्यावरून वाद झालाच. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1988 मध्ये न्यायालयानं तज्ज्ञांच्या मतावर ते खाण्यालायक ठरवलं. आमच्याकडे आजी सायीचं विरजण घुसळून लोणी काढायची. तेवढ्या लोण्याला मी नाही म्हटलं नाही, म्हणून त्या मे महिन्यात फळांवर तूप दुप्पट पडायचं.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे 2025 च्या, 7 मे ला देशभर नागरी संरक्षणाची, म्हणजे हल्ला झाला तर काय करायचं याची, तालीम झाली. बडोद्याचं नाव यादीत होतं, काकरापारचंही. भाची माझ्याकडे सुट्टीला आलेली, दहा वर्षांची. टीव्हीवर दोन्ही नावं पाठोपाठ ऐकून तिनं विचारलं, "आत्या, काकरापार इथून किती लांब?" मी नकाशा काढून दाखवला: सरळ रेषेत साधारण 120 किलोमीटर. तिथं अणुभट्ट्या आहेत हेही सांगितलं, आणि आज फक्त तालीम आहे हेही. मग कणीक भिजवली.

तालमीतली दिवे बंद करायची वेळ झाली तेव्हा वरणाला नुकती उकळी आली होती. भाचीनं विचारलं, गॅसची ज्योत बाहेरून दिसेल का? मी खिडकीवर चादर टाकली. निळ्या उजेडात ती स्टुलावर उभी राहून एकेक फळ सोडत होती, मध्येच थांबून उकळीचा आवाज ऐकत होती. अंधारात दोन-चार एकमेकांना चिकटलीच. ती तिनं स्वतःच्या ताटात मागून घेतली.