टाकीतलं डिझेल कुठलं?

आमच्या गॅरेजच्या जॉबकार्डावर इंधनाचा एकच रकाना छापलेला आहे: टाकी किती भरली आहे. गेल्या जानेवारीपासून मी त्याखाली पेनाने आणखी एक प्रश्न लिहितो: कुठे भरली आहे. मालकाला ते आवडत नाही. गिऱ्हाईक गोंधळतं, म्हणतो. गोंधळू दे.

मी मूळचा मिरजेचा. आयटीआयला डिझेल मेकॅनिक, मग सांगलीत ट्रकच्या गॅरेजात काही वर्षं, मग कॅनडात अल्बर्टा, आणि आता आणखी उत्तरेला, युकॉनमध्ये डॉसन सिटीत. नावात सिटी आहे, वस्ती आपल्याकडच्या एखाद्या गावाएवढी. डॉसनपासून चाळीस किलोमीटरवर डेम्पस्टर हायवे सुरू होतो. १९७९ साली खुला झालेला हा खडीचा रस्ता साधारण ७४० किलोमीटर जाऊन इनुविकला पोचतो. २०१७ पासून तिथून पुढे टुक्टोयाक्टुकपर्यंत, म्हणजे थेट आर्क्टिक समुद्राच्या काठापर्यंत गाडी जाते. डिझेल, जेवण आणि खोली मिळण्याचं पहिलं ठिकाण ईगल प्लेन्स, ३६९ किलोमीटरवर. मोबाइलला रेंज नाही. उन्हाळ्यात टायर फाडणारा हा रस्ता हिवाळ्यात उलट बरा असतो. बर्फ दाबून सपाट झालेला, आणि उणे तीसच्या खाली तो फारसा घसरत नाही, टायर धरतो. लोकांना हे सांगून पटत नाही. सगळी भीती रस्त्याची, गाडीचा विचार कोणी करत नाही.

त्या रात्री नऊच्या सुमारास पोलिसांचा निरोप आला. २४० किलोमीटरच्या आसपास, ओगिल्व्ही नदीच्या खोऱ्यात, डिझेल पिकअप आणि तिच्या हौद्यावर बसवलेला कॅम्पर, म्हणजे राहायची छोटी खोली, बंद पडलाय. एक वयस्क जोडपं, दोघंही सुखरूप. सॅटेलाइटच्या यंत्रावरून त्यांनी मदत मागितली होती. ती पोचण्याआधीच इनुविककडे जाणारा टँकरवाला थांबला, त्याने दोघांना आपल्या केबिनमध्ये घेतलं आणि रस्त्याच्या देखभालीचा माणूस १९५ किलोमीटरवरच्या कॅम्पातून येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. या रस्त्यावर उभ्या गाडीला कोणी ओलांडून जात नाही. टँकरवाल्याच्या वेळेचे पैसे त्याला कोणी देणार नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

माणसं कॅम्पात उबेत होती, म्हणून आम्ही पहाटे पाचला निघालो. मी आणि आमच्याकडचा विशीतला पोरगा. तो इथेच जन्मलेला, उणे चाळीसला हातमोजे काढून बोल्ट लावतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे. त्याच्या बोटांची टोकं पाहिली की मला तो अभिमान कळत नाही. गाडीत आमचा नेहमीचा संसार: डिझेलवर चालणारा हॉट-एअर हीटर, त्याचे जाड नळे, दोन भल्यामोठ्या ताडपत्र्या, जनरेटर, बूस्टर बॅटऱ्या, हातपंप, रिकामा ड्रम, फिल्टर, आणि कॅनमध्ये थंडीचं डिझेल.

वाटेत पोरगा म्हणाला, 'डिझेल थिजलं असणार.' अंदाज बरोबर होता, पण त्याने काहीच कळत नाही. डिझेलमध्ये मेण असतंच. थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते, तसं ते आधी धूसर होतं, मग त्या मेणाचे कण फिल्टरवर बसतात, इंजिनाला डिझेल पोचेनासं होतं. म्हणून थंड मुलखात वेगळं, हलकं डिझेल विकतात. कॅनडात कोणत्या भागात, वर्षाच्या कोणत्या पंधरवड्यात किती थंडीपर्यंत डिझेल धूसर होता कामा नये, याचे तक्ते आहेत. तक्ते चांगले आहेत, पंपवालेही पाळतात. पण पंपाच्या पावतीवर लिटर, दर, कर, कार्डाचे शेवटचे चार आकडे असं सगळं छापतात आणि ते डिझेल किती थंडी सोसेल एवढंच छापत नाहीत. पंपावर पाटी एकच, डिझेल. मग तुम्ही ते टाकीत घेऊन दोन हजार किलोमीटर उत्तरेला या, तक्ता तुमच्या मागे येत नाही.

कॅम्पात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि सूर्याचा पत्ता नव्हता, नुसता निळसर उजेड. थर्मामीटर उणे ४३. गृहस्थ सत्तरीचे, ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याकडचे, आयुष्यभर कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी मला बसू दिलं नाही. उभ्याउभ्या यादी सांगितली: बॅटऱ्या नव्या, इंजिन विजेवर गरम ठेवणारा ब्लॉक हीटर चालू, इंजिन ऑइल सिंथेटिक, ग्रिलला कव्हर, डिझेलमध्ये न थिजण्याचं औषध घातलेलं, ईगल प्लेन्सला ताजं डिझेल भरलेलं. त्यांना मुद्दा मांडायचा होता की माणसाने करण्यासारखं सगळं केलं आहे, तेव्हा दोष यंत्राचा. मला ती यादी आवडली. निम्मे लोक यातलं काहीच न करता येतात.

एकच गोष्ट जुळत नव्हती. ईगल प्लेन्सचं डिझेल या थंडीचंच असतं, नाहीतर तिथे एकही ट्रक चालला नसता.

बाई खिडकीपाशी चहा घेत होत्या. त्या म्हणाल्या, 'वही बघणार का?'

छोटी रेघी वही. प्रत्येक वेळी डिझेल कधी, कुठे, किती लिटर, काय दराने, सगळं बारीक अक्षरात. आमच्या मालकाच्या संगणकापेक्षा चोख हिशेब. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याची एक ओळ होती: होप, १४० लिटर, आणि पुढे कंसात 'मागची टाकी'. होप हे व्हँकूव्हरच्या पूर्वेला, किनाऱ्याच्या मवाळ हवेतलं गाव.

मागची टाकी? गृहस्थ म्हणाले, 'ती राखीव. स्टेपनीच्या जागी बसवून घेतलीय.' स्टेपनी पुढच्या बंपरवर आली होती. बटण दाबलं की पंप मागचं डिझेल मुख्य टाकीत सोडतो. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इनुविकला जाताना त्यांनी त्या टाकीला हातच लावला नव्हता, गाडी बंद पडली ती परतीच्या वाटेवर. लावला असता तर काही आलंच नसतं, आत सगळं थिजून बसलं होतं. इनुविकला कॅम्परचा एक जॅक, म्हणजे त्याला हौद्यावरून उचलणारा पाय, अडकला म्हणून गाडी रात्रभर गरम गॅरेजात राहिली. तिथे मागच्या टाकीतलं डिझेल वितळलं. सकाळी त्यांनी बटण दाबून ऐंशी लिटर पुढे घेतलं, कारण उत्तरेत डिझेल महाग आणि हे आपल्याकडे पडून आहे. ईगल प्लेन्सला फक्त चाळीस लिटर भरलं.

मग गाडी तिथवर चालली कशी? ईगल प्लेन्स उंचावर आहे. कडक थंडीत वारा पडला की थंड, जड हवा दऱ्यांत साचते आणि वरचे माथे खालच्यापेक्षा बरे असतात. वर उणे २४ होतं. शिवाय चालत्या इंजिनातून परत येणारं गरम डिझेल टाकी थोडी ऊबदार ठेवतं. तेवढ्यावर ते अर्धं किनाऱ्याचं, अर्धं उत्तरेचं मिश्रण कसंबसं निभावलं. मग रस्ता उतरून ओगिल्व्हीच्या खोऱ्यात आला, एका उतारात वीसेक अंशांचा फरक. औषधाची बाटली मिश्रणाला थोडी मदत करते, उन्हाळी डिझेलचं हिवाळी करत नाही. बाटलीवर मात्र बर्फातला ट्रक छापलेला असतो.

गाडीपाशी गेलो. जोडप्याला त्यांच्या गाडीत न बसवता आमच्या केबिनमध्ये ठेवलं. कॅम्परच्या दारावर 'चारही ऋतूंसाठी' असं स्टिकर. आतली भट्टी प्रोपेनवर. प्रोपेन उणे ४२ ला द्रवाचा वायू होतो, म्हणजे उणे ४३ ला सिलिंडर भरलेलं असून शेगडीला काही मिळत नाही. हे ज्याने विकलं त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पोराला म्हटलं, आधी ताडपत्री. हे काम घाईत करणारे मला सहन होत नाहीत. दोन्ही ताडपत्र्या बॉनेटवरून खाली जमिनीपर्यंत सोडायच्या, कडांवर बर्फ ओढून दाबायचा, वारा आत येणारी एकही फट ठेवायची नाही. एक नळा इंजिनाखाली, दुसरा टाकीखाली, पण टाकीपासून हातभर दूर. मग थांबायचं. गृहस्थ दोनदा उतरून विचारून गेले, खाली थोडा जाळ केला तर लवकर होणार नाही का, त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं. माझा चुलतभाऊ लष्करात ड्रायव्हर होता, लेहच्या रस्त्यावर त्याने टाकीखाली स्टोव्ह लावलेले मला माहीत आहेत. ते जुने ट्रक, लोखंडी टाक्या, आणि दुसरा उपाय नव्हता. उणे ३३ पर्यंत न थिजणारं डिझेल इंडियन ऑइलने लडाखसाठी २०१९ च्या नोव्हेंबरात आणलं. या पिकअपची टाकी प्लास्टिकची होती. जाळ केला असता तर टाकी वितळून डिझेल जाळावर पडलं असतं. थंड इंजिन लागावं म्हणून मारतात त्या इथरच्या फवाऱ्याबद्दलही त्यांनी विचारलं. हवा तापवणारी जाळी असलेल्या इंजिनात इथर मारणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, हे मी जरा चढ्या आवाजात सांगितलं असावं, कारण नंतर ते उतरले नाहीत.

दोन तासांनी टाकी हलवली तर आत पातळ आवाज आला. हातपंपाने पन्नासेक लिटर ड्रममध्ये काढलं, त्या जागी थंडीचं ऐंशी लिटर ओतलं. मग फिल्टर. पिकअपला दोन होते, एक चॅसीवर, एक इंजिनावर. इंजिनावरच्यात पांढुरकं मेण बोटभर बसलेलं. नव्या फिल्टरच्या झाकणाखाली गोठलेलं रबर नीट बसत नाही, म्हणून सील खिशात ठेवून आणतो, अंगाच्या उबेत. वायरींचे कनेक्टर तर गरम केल्याशिवाय उघडायचेच नाहीत. पोराने एक ओढला आणि त्याची कडी तुटली. तो काही बोलला नाही, मीही नाही, टेप लावला.

बॅटऱ्या त्यांनी सेल्फ मारून मारून उतरवल्या होत्या. बूस्टर लावले, चावी फिरवून पंप चालू-बंद करत हवा काढली, आणि तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. आधी एक-दोन सिलिंडर रुसले, पांढरा धूर, मग सगळी एकसारखी. ताडपत्रीच्या आत तो आवाज ऐकायला मला अजूनही आवडतो. मिरजेत काय, इथे काय.

उरली मागची टाकी. त्यात साठेक लिटर होपचं डिझेल, घट्ट थिजलेलं. तिथे ते काढणं शक्य नव्हतं, रस्त्यावर सांडायला कायदा आणि अक्कल दोन्हींची मनाई. गृहस्थांना म्हटलं, पुढे दक्षिणेला व्हाइटहॉर्सला, युकॉनच्या राजधानीत, गरम गॅरेजात गाडी लावा, ती टाकी रिकामी करून घ्या, तोवर बटणाला हात लावू नका. ते म्हणाले, 'बघू.' बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. नंतर ड्रमपाशी कुजबुजत त्या मला म्हणाल्या की व्हाइटहॉर्सला जातानाच त्यांनी ती टाकी काढून टाकायला सुचवलं होतं, आणि उत्तर मिळालं होतं की चांगलं डिझेल कोण फेकतं.

मला त्या माणसाचा राग येत नाही. आमच्या घरातही चांगली वस्तू फेकायची पद्धत नाही. पण मी त्यांना न विचारता फ्यूज बॉक्स उघडला, मागच्या पंपाचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला. बाईंनी पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. डॉसनपर्यंत आम्ही त्यांच्या मागे गाडी ठेवली.

टाकी बसवणाऱ्याने विचारलं नाही की ही गाडी कुठे जाणार. होपच्या पंपावर विचारायचं कारणच नव्हतं. इनुविकच्या गॅरेजने जॅक ठीक केला, चोख केला, आणि दोन टाक्यांची गाडी रात्रभर उबेत उभी असताना आत काय आहे हे विचारलं नाही. यातल्या कोणाचीच चूक म्हणता येत नाही, हेच मला खटकतं. आणि माझा फ्यूज? पोरगा म्हणतो बरोबर केलंस. मालक म्हणतो गिऱ्हाइकाच्या गाडीतला भाग न सांगता काढणं म्हणजे उद्या कोर्ट. दुसऱ्याची गाडी आहे हे मला कळतं. आणि ते बटण दाबणार होते हेही मला कळत होतं.

बिल गेलं. पैसे लगेच आले, पूर्ण नाही. फ्यूजची किंमत वजा, आणि आम्ही ड्रममध्ये काढून नेलेल्या पन्नास लिटरची किंमत वजा, होपच्या दराने. पुरावा म्हणून वहीच्या त्या पानाचा फोटो जोडला होता. मालक आधी चिडला, मग हसला. ते मेणाचं डिझेल आम्ही गॅरेजच्या जुन्या तेलाच्या भट्टीत कधीच जाळून टाकलं होतं.

फ्यूज पोस्टाने पाठवून दे, असं मालकाने सांगितलं आहे. पाकिटावर पत्ता लिहून ठेवला आहे. मागची टाकी रिकामी केलीत का, हे विचारणारं माझं ईमेल मात्र त्याआधीचं आहे, आणि त्याला अजून उत्तर आलेलं नाही.