पाच पासबुकं आणि एक रविवार

आज विश्रामबागेतल्या घरी एकच उद्योग केला. ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी बँक खाती नीट मांडली. आधी नुसती बँकेची नावं टाकली होती. एकाच बँकेत दोन खाती, त्यामुळे पगाराचं कुठलं आणि आईबरोबरचं कुठलं, हे दर वेळी शेवटचे चार आकडे बघून ठरवायचं. आता नावं कामावरून दिली: पगार, ऊसबिल, घरखर्च, आई-जॉइंट. पीककर्ज उचलून 'देणी' गटात टाकलं. इतके दिवस ते बचतीच्या शेजारी बसून मला उगाच श्रीमंत दाखवत होतं!

खरी गंमत पुढेच. पगारातून घरखर्चाच्या खात्यात टाकलेले १५,००० मी 'खर्च' म्हणून नोंदवायचो, आणि मग त्यातूनच आणलेला किराणा, गॅस परत खर्चात. तेच पैसे दोनदा गेले की! यावरून बायकोशी भांडलोही होतो. (तिला अजून सांगितलेलं नाही.)

कपाटात कॉलेजातलं पासबुकही सापडलं. शेवटचा व्यवहार २०१७चा, शिल्लक ३१२ रुपये. दोन वर्षांहून जास्त व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, १० वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. या खात्याला नाव दिलं 'केवायसी बाकी'. उद्या आधार, फोटो घेऊन मिरजेला जायचं. आई म्हणते, "एवढ्यासाठी पेट्रोल जाळणार व्हय?"