तुम्ही विचारलंत म्हणून: गुरुत्वाकर्षण बल नाही, तर आंबा पडतो कसा?

लग्नात, बस स्टँडवर आणि औंढ्याजवळ लिगो (गुरुत्वीय लहरी, म्हणजे जागा-वेळेतले तरंग, टिपणारी वेधशाळा) होणार म्हटल्यापासून तर टपरीवर चहा पितानासुद्धा हेच. सर, तुम्ही म्हणता गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढबिढ काही नसती, सगळी भूमिती, मग आंबा काय भूमितीनं पडतो का? आणि वर हसायचं. बरीच वर्षं मी यावर एकच उत्तर देत होतो, चादरीचं. ते अर्धंच आहे हे अकरावीतल्या एका पोरानं मला तोंडावर सांगितलं होतं.

2016 चा फेब्रुवारी. अमेरिकेतल्या लिगोला गुरुत्वीय लहरी सापडल्याची बातमी नुकतीच आलेली, मी हवेत. चार पोरांना सोलापुरी चादरीची चार टोकं धरायला लावली, मधे गोळाफेकीचा गोळा ठेवला, चांगला झोळ पडला, कडेनं गोटी सोडली तर गरगर फिरत गोळ्याला जाऊन भिडली. वर्ग खुश. मी म्हटलं बघा, गोळा गोटीला ओढत नाही, जागाच वाकलीय. मागून आवाज आला, "सर, पण चादर खाली कशामुळं वाकायली? गुरुत्वाकर्षणामुळंच ना?"

मला उत्तर येत नव्हतं. म्हणालो, "लई शहाणा झालास का, आधी न्यूमरिकल सोडवून दाखव." वर्ग हसला, तोही हसला, मग वहीच्या कोपऱ्यात पेनानं गोल गोल गिरवत बसला, कागद फाटला तरी गिरवतच होता. वर्षभर त्यानं परत काही विचारलं नाही. पोर्शन बाकी होता, नीटवाल्या पालकांचे फोन चालू होते, कुणीही असंच बोललं असतं, असं मी स्वतःला सांगायचो.

नंतर नीट वाचलं. आइन्स्टाईनच्या 1915 च्या सिद्धांतात जागेसोबत वेळही वाकते. मीटरभर उंच ठेवलेलं घड्याळ खालच्यापेक्षा जोरात चालतं, एकावर सोळा शून्य इतक्या हिश्शांतल्या एका हिश्शानं, आणि आंबा पडतो तो मुख्यतः त्यामुळं. चादरीवर वेळ कुठंय? सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश 1.75 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा 3600 वा भाग) वळतो, 1919 च्या ग्रहणात हेच तपासलं, पण त्यातही निम्मा वाटा वेळेचा. म्हणजे माझी चादर प्रकाशाला निम्मी पुरते, आंब्याला जवळपास नाहीच.

मग सोडा ना सगळं भूमितीच असल्याचा हट्ट, असं म्हणाल. नाही सोडत. 1918 मध्ये हर्मान वाइल या जर्मन गणितज्ञानं विद्युतचुंबकत्वही भूमितीत बसवायला घेतलं, त्याच्या हिशोबात मोजपट्टीची लांबी ती कुठल्या वाटेनं आली यावर ठरायची, आइन्स्टाईननं लगेच हरकत घेतली की असं असतं तर प्रत्येक अणूच्या वर्णरेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या ठराविक रंगांच्या रेषा, त्याच्या इतिहासाप्रमाणं वेगळ्या दिसल्या असत्या. कल्पना पडली. पण लांबीच्या जागी क्वांटम लहरीची फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, घातल्यावर तीच उभी राहिली, 1954 मध्ये यांग आणि मिल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी ती वाढवली, आज अणुकेंद्रातली बलंसुद्धा त्याच भाषेत लिहितात. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम काही अजून एका गाड्याला जुंपता आलेले नाहीत, ते मान्य. आमचे गणिताचे सर म्हणतात, सातबारा म्हणजे शेत नव्हे, तुमची भूमिती नुसती नोंद आहे. कधीकधी मला ते पटतं. सकाळी तासावर गेलो की परत पटत नाही.

मागच्या दिवाळीत तो पोरगा भेटला, स्टँडजवळ त्याचं मोबाईलचं दुकान आहे. सर बसा म्हणाला, चहा मागवला. उत्तर तयार होतं माझ्याकडं, वेळेचं, घड्याळाचं, सगळं. स्क्रीनगार्ड बसवून घेतला, पैसे घेईना, ते बळंच काउंटरवर ठेवले आणि आलो.